उभयचर परिचय मेळावा

जो प्राणी पावसाळ्यात न विचारता मोरीतून घरात येतो, त्याची मुलांशी रीतसर ओळख करून द्यायला परिपत्रक निघावे लागते. यालाच शिक्षण म्हणतात.

परिपत्रकात (पृष्ठे अकरा, पैकी बेडकाविषयी अर्धे) प्रत्येक अंगणवाडीने 'उभयचर परिचय मेळावा, वयोगट ३ ते ६' घ्यावा, असा आदेश होता. हिंगणीकडच्या एका गावात जया या सेविकेने बॅनर छापायला टाकले आणि भावाला, म्हणजे अंकुशला, वावरातून एक बेडूक आणायला सांगितले.

बॅनर छापणारे ओमप्रकाश जबाबदार गृहस्थ. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकाच प्रकारचे परिचय मेळावे छापले होते. त्यांनी 'उभयचर'ची चूक सुधारून 'उपवर' केले आणि ३ ते ६ ही वेळ असल्यामुळे 'वयोगट' हा शब्द गाळला. (मजकूर इतका अशुद्ध असूनही त्यांनी कोणाला बोल लावला नाही.)

मेळाव्याला मुले नऊ आली, लग्नाचे मुलगे त्रेपन्न आणि मुलीचे वडील एक. हे पुलगावचे प्रभाकरराव.

अंकुश चौतीस वर्षांचा, निर्व्यसनी, पाच एकर ओलिताचा धनी. आयती संधी पाहून जयाने त्यालाच पुढे केले.

"राह्यता कोठी?" प्रभाकररावांनी विचारले.

"इथंच, वावरात."

"अन शहरात?"

"शहरात काही नाई जी."

पुढे काही विचारले गेले नाही. अंकुश बेडकाच्या झाकलेल्या बादलीजवळ जाऊन बसला. हा त्याचा सातवा मेळावा. सवय झाली तरी वाईट वाटतेच.

पण कार्यक्रम परिपत्रकानुसार व्हायलाच हवा. जयाने नेमून दिलेला परिचय वाचला: "हा दोन्हीकडे राहतो. शेतातील किडीचा बंदोबस्त करतो. बरेच दिवस न खाता राहू शकतो. पालकांशी पुढे संबंध ठेवत नाही."

प्रभाकरराव सावरून बसले. दोन्हीकडे म्हणजे शहरालगत पिपरी मेघेत फ्लॅट आणि गावात वावर. किडीचा बंदोबस्त म्हणजे कृषी खात्यात नोकरी. स्वयंपाकाची कटकट नाही आणि सासू-सासरे तर नाहीतच. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात चार वर्षांच्या गुंजनने बादलीवरचे झाकण काढले. "हा त बेंडूक हाय," ती म्हणाली.

प्रभाकररावांनी वाकून बराच वेळ पाहिले.

"रंगाचं आपलं काही म्हणणं नाई," ते म्हणाले. "पत्रिका आणली काय?"

तुम्ही हसलात, ठीक आहे. आता घरच्या मुलीचा फॉर्म काढा आणि 'अपेक्षा' हा रकाना वाचा. त्यात अंकुश बसत नाही. बेडूक बसतो.