साखरफुटाण्यांवर बसलेली कॅनरी

ज्या कामात कशालाही हात लावायचा नसतो ते काम मला फार छान जमतं, असा माझा समज होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी इतकी वर्षं कारकुनी करतोय, पण आजवर एकाही गोळ्याला माझा हात लागलेला नाही. (लावू देत नाहीत, हा भाग वेगळा.) त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधले मकबूलभाई जेव्हा म्हणाले, "बजरंग, आम्ही दोघं मिरजेला लग्नाला चाललोय, रविवारपर्यंत आमची कॅनरीची जोडी तुमच्याकडे ठेवू का?" तेव्हा मी लगेच हो म्हणून मोकळा झालो.

मकबूलभाईंचं कॅम्पात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर चिमट्याने बारीक स्क्रू उचलणारा माणूस, त्यामुळे पक्ष्यांचंही सगळं असंच नाजूक. पिवळाधमक नर आणि जरा फिकट मादी. मादीने वाटीएवढ्या घरट्यात नुकतीच अंडी घालायला सुरुवात केली होती. याआधी दोनदा तिची अंडी फुकट गेली होती.

"या वेळी पिल्लं झाली नाहीत तर जोडी देऊन टाकणार कुणाला तरी," मकबूलभाई पिंजरा आमच्या गॅलरीत टांगत म्हणाले. "हमीदाला बघवत नाही. मागच्या वेळी ती दोन दिवस जेवली नाही."

"तुम्ही काळजीच करू नका."

"दाणा घाल, पाणी बदल. घरट्याला हात लावायचा नाही."

"छे छे!"

"मी गंमत करत नाहीये, बजरंग."

मग ते आत जाऊन ऋतुजाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, हळू आवाजात काहीतरी बोलले. मला वाटलं, चहाला नको म्हणत असतील.

दोन दिवस मी खरंच हात लावला नाही. शनिवारी सुट्टी होती, ऋतुजा बँकेत गेलेली, आणि माझ्या हातात मोबाईल होता. त्यावर एक गृहस्थ सांगत होते की कॅनरी रोज एक अंडं घालते, ती लगेच उबवायला बसली तर पिल्लं मागेपुढे जन्मतात आणि शेवटचं पिल्लू उपाशी मरतं. म्हणून अंडी काढून दाण्यांत ठेवावीत, घरट्यात खोटी ठेवावीत, आणि चौथं आलं की सगळी खरी एकदम परत ठेवावीत.

मी उडालोच. मकबूलभाईंना हे माहीत नव्हतं! बिचाऱ्यांची दोन वेळची अंडी अशीच गेली असणार. घरट्यात तीन अंडी होती, चौथं यायचं होतं. मी ठरवलं, आपण हे गुपचूप करायचं आणि रविवारी त्यांना थक्क करायचं.

खोटी अंडी कुठून आणणार? माझी नजर देव्हाऱ्याकडे गेली. तिथे आईची स्टीलची डबी होती आणि डबीत गावच्या उत्सवातले गुलाबाच्या वासाचे साखरफुटाणे. आकार थेट तोच! मी तीन मोठे पांढरे निवडले, मादी दाणे खायला उतरल्याबरोबर घरट्यात ठेवले आणि तिन्ही अंडी उचलली. निळसर, तपकिरी ठिपक्यांची, वजनाला काहीच नाही. एक हातातून निसटून डबीत पडलं तेव्हा मी डोळेच मिटले. पण नुसतं 'टक्' वाजलं. (निसर्गाने कवच काय मजबूत बनवलंय, असं मला कौतुकही वाटलं.) दाण्यांत ठेवायची होती, आणि डबीत साखरफुटाणे होतेच. तिघांना त्यांच्यावर निजवलं, झाकण लावलं, डबी परत देव्हाऱ्यात. कापूस आणायला मी खाली दुकानात गेलो आणि तिथे गप्पांत तासभर गेला.

परत आलो तर डबी नाही. आईही नाही.

आई, म्हणजे आनंदीबाई, शनिवारी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये भजनाला जाते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, "मला समदं दिसतंय." मी तसाच अनवाणी धावलो. पोचलो तेव्हा आरती संपली होती आणि आई चिमटी-चिमटीने प्रसाद वाटून डबी पालथी करून झटकत होती.

आता आली का पंचाईत! भजनी मंडळात प्रसादातून अंडी वाटली हे सांगितलं असतं, तर आईला त्या सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी ओरडलो, "थांबा! कुणी खाऊ नका! प्रसाद परत द्या!"

चेअरमन घैसासकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "प्रसाद परत मागणारा माणूस मी पुण्यातसुद्धा पहिल्यांदाच पाहतोय."

"काका, साखरफुटाणे... खराब आहेत."

"आरं पर मी परवाच खाल्लं की!" आई म्हणाली.

"त्यांना कसली तरी पावडर लागलीय, आई!"

हे बोलायला नको होतं. ज्यांनी खाल्ले होते त्यांतल्या एका काकूंना लगेच मळमळायला लागलं. दुसऱ्या म्हणाल्या, माझे पाय गार पडले. पेटीवाल्या तनयाने ॲम्ब्युलन्स बोलवू का विचारलं. एकीने मीठ-पाणी कालवायला घेतलं. या गोंधळात मी एकेकीची मूठ उघडून बघत होतो, आणि हे दृश्य बाहेरून बघणाऱ्या वॉचमनला कसं वाटलं असेल याचा मी अजून विचार करत नाही.

एक अंडं आईच्या पदराच्या गाठीत मिळालं, गावाकडच्या नातवासाठी बांधलेलं. दुसरं घैसासकाकांच्या खिशात. ("डायबेटिस आहे. मुंग्यांना घालणार होतो.") तिसरं कुठेच नाही. दोनच अंडी! हमीदाभाभी पुन्हा उपाशी बसलेल्या मला दिसायला लागल्या.

कोपऱ्यात गोदाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, तोंडात एकही दात नाही. गाल फुगलेला होता.

"गोदाआजी, तोंडात काय आहे?"

"साखरफुटाणा," त्या गाल बदलत म्हणाल्या. "केव्हाची चघळतेय, विरघळतच नाही मेला. पण चांगला आहे हो."

मी रुमाल पुढे केला. त्यांनी फार नाखुशीने ते अंडं त्यात ठेवलं. त्याला साधा तडाही गेला नव्हता! त्याआधी दात नसण्याबद्दल मी कुणाचे एवढे आभार मानले नव्हते. डोळ्यांत पाणीच आलं.

घरी आलो तर गॅलरीत मुंग्यांची रांग दोरीवरून थेट पिंजऱ्यात. मादी साखरफुटाण्यांवर निष्ठेने बसली होती, आणि नर तिच्या शेजारून एक साखरफुटाणा फोडून खात होता. स्वतःची संतती अशी खाणारा बाप मी पहिल्यांदा पाहिला. मुंग्या झटकल्या, साखरफुटाणे काढले, अंडी परत ठेवली. तिसरं चिकट होतं, पण अंडं धुवायचं नाही असं मोबाईलवाल्या गृहस्थांनी बजावलं होतं.

संध्याकाळी ऋतुजा आल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने पर्स खुंटीला अडकवली. मग "हात धुतलेत का?" एवढंच विचारून स्वयंपाकघरात गेली, आणि आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

रविवारी सकाळी मकबूलभाई आले. घरट्यात डोकावले, चमच्याने एक अंडं उचललं, नाकाशी नेलं.

"बजरंग, याला गुलाबाचा वास कसा?"

मी पिंजऱ्याची दोरी सरळ करायला लागलो. "पक्षी आनंदात असतील."

"वहिनी, आणा," ते आत वळून म्हणाले.

ऋतुजाने राळ्याचा, म्हणजे पक्ष्यांच्या दाण्यांचा, डबा आणला. गेले तीन दिवस रोज सकाळी ती त्या डब्यात बोटं घालत होती आणि मी समजत होतो, किडे निवडतेय. तिने राळे बाजूला सारले. आत तीन निळसर अंडी निवांत पडलेली होती.

"चार होईपर्यंत खरी काढून ठेवतो," मकबूलभाई म्हणाले. "रोज नवं उचलून त्यात ठेवायचं, जुनी फिरवायची, ते वहिनींना सांगून गेलो होतो. घरट्यातली प्लास्टिकची. आणि हे बघ, चौथं खरं आज आलंय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू हात लावला असतास."



दोन आठवड्यांनी चारही अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. हमीदाभाभींनी शिरखुर्मा पाठवला. मी धीर करून एक पिल्लू मागितलं. मकबूलभाईंनी खिशातून प्लास्टिकचं अंडं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "आधी हे महिनाभर सांभाळून दाखव."

मी ते जिवापाड जपलं. ऑफिसला नेलं नाही, मोबाईल बघताना जवळ ठेवलं नाही. कुणाच्याही हाताला लागू नये म्हणून देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे ठेवलं. आज महिना पुरा होतोय. मकबूलभाई संध्याकाळी बघायला येणार आहेत.

आईने आज पिल्लांच्या नावाने भजनात साखरफुटाणे वाटले. एक देवामागं पडला होता, त्योबी डबीत टाकला म्हणाली. मी क्लबहाऊसच्या दारात उभा आहे. आत भजन संपलंय, सगळ्या घरी गेल्यात, आणि गोदाबाई कोपऱ्यात एकट्याच, डोळे मिटून, गाल बदलत बसल्या आहेत. मी रुमाल काढला, तसा त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "या वेळी नाही देणार हो."