सरळ उभं राहिलेलं वटवाघूळ

"आण इकडे. दोन मिनिटांत सोपं करून देतो," असं मी बायकोला म्हणालो आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली.

आता मी हे म्हणालो ते काही उगाच नाही. उल्हासनगर कॅम्प दोनला जयदेवशेठ या सिंधी माणसाचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे मी मजकूर लिहायला असतो. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत जेवढे 'लाडके' आणि 'भावी' हवेत लटकलेले दिसतात, त्यातले निम्मे माझ्या लेखणीतून उतरलेले आहेत. (उरलेल्यांत शुद्धलेखनाच्या चुका असतात, त्यावरून ओळखू येतात.) जनतेपर्यंत विषय कसा पोचवावा, हे मला कोणी शिकवायला नको. निदान तोपर्यंत तरी मला तसं वाटत होतं.

बायको माझी शास्त्रज्ञ आहे. किर्ती वटवाघळांवर संशोधन करते. आमच्या बदलापुरात खरवईच्या नाक्यावर जी जुनी चिंच आहे, तिच्यावर वटवाघळांची अख्खी वसाहत आहे आणि किर्तीचा जीव त्या चिंचेवर टांगलेला आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी तिला विचारलं होतं, "कुठे जाऊया?" तर म्हणाली, "चिंचेखाली." गेलो. छत्री घेऊन बसलो. पाऊस नव्हता, पण वरून जे पडत होतं त्याला छत्री लागतेच.

तर त्या चिंचेखाली नव्या बिल्डिंगवाले गाड्या लावतात आणि सकाळी गाड्यांचा रंग बदललेला असतो. लोकांनी ओरड केली. भागातले वजनदार पुढारी महिपतीभाऊ यांनी शब्द दिला की झाड तोडून पार्किंग करून देतो. सोमवारी नगरपालिकेत बैठक होती. त्या बैठकीत महिपतीभाऊ 'तोडा' म्हणाले की चिंच गेली, वटवाघळं गेली आणि किर्तीची इतक्या वर्षांची मेहनतही गेली.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये लोकांना जमवून तिने पडद्यावर आलेख दाखवले. तिसऱ्या आलेखाला पुढच्या रांगेतले काका घोरायला लागले. शेवटी महिपतीभाऊंनी विचारलं, "मॅडम, एका वाक्यात सांगा. या पाखरांचा आपल्याला फायदा काय?" किर्ती म्हणाली, "आत्ताच्या माहितीवरून, काही मर्यादा लक्षात घेता, बियांच्या प्रसारात त्यांचा सहभाग लक्षणीय असण्याची शक्यता आहे." भाऊ म्हणाले, "चहा आणा रे."

घरी येऊन ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहिली. भाजी कधीच चिरून झाली होती, तरी सुरी चालूच होती. मला कसंतरीच झालं. म्हणून म्हणालो, आण इकडे.

"मला आधी समजावून सांग," मी म्हणालो. "ही करतात काय?"

"रात्री उडतात, फळं खातात, बिया लांब डोंगरावर नेऊन टाकतात. तिथे नवी झाडं येतात."

"झालं की! 'प्रभागासाठी रात्रंदिवस झटणारे'..."

"दिवसा झोपतात ती."

"अगं, नुसतं 'रात्री झटणारे' बरं दिसत नाही."

"आणि 'झाडं येतात' असं ठाम लिहू नकोस. 'येण्याची शक्यता आहे' असं लिही."

"किर्ती, फ्लेक्सवर शक्यता चालत नाही. 'भावी नगरसेवक होण्याची शक्यता आहे' असं छापलं तर शेठ मला दुकानातून हाकलेल."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि त्या हसण्याच्या भरात मी पुढचा मूर्खपणा केला. मी 'वटवाघूळ' हा शब्दच गाळून टाकला. (लोक त्या नावाला घाबरतात. आधी प्रेम बसू दे, नाव मागाहून सांगू, असा माझा धोरणी विचार.) मग मजकूर झाला तो असा:

'प्रभागाचे मूक सेवक! रात्रंदिवस झटणारे! स्वतः फळं खाऊन जनतेला बिया देणारे! आमचे भाऊबंद वर्षानुवर्षं इथेच टिकून आहेत. त्यांना हटवू नका!'

किर्तीने काढलेला वटवाघळाचा एक सुंदर फोटो मी जयदेवशेठला पाठवला आणि म्हटलं, "घरचं काम आहे, शेठ. एकदम फर्स्ट क्लास बनवा."

शेठने मनापासून बनवलं. सोनेरी चौकट, मागे उगवता सूर्य, वर मुकुट. छापण्याआधी मला मोबाईलवर दाखवलंसुद्धा. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि 'ओके' म्हटलं. मी मजकूरवाला माणूस, चित्राकडे बघायची मला सवय नाही.

रविवारी सकाळी फ्लेक्स चिंचेच्या शेजारी चढला. आम्ही दोघं बघायला गेलो. किर्तीने वर पाहिलं आणि माझा दंड इतका जोरात धरला की अजून तिथे निळं आहे.

"संतोष, हे सरळ का उभं आहे?"

फ्लेक्सच्या मधोमध वटवाघूळ उभं होतं. डोकं वर, पाय खाली. दोन्ही पंख छातीवर लपेटल्यामुळे काळी शाल पांघरल्यासारखं दिसत होतं. टपोरे डोळे जनतेवर रोखलेले. मी शेठला फोन लावला.

"अरे साईं, तुझा फोटो उलटा आला होता," शेठ आनंदाने म्हणाला. "मैंने सीधा कर दिया. पैसा नको, घर का काम है."

आता खरी गोष्ट सांगतो. महिपतीभाऊ बारा महिने काळी शाल पांघरतात. डोळे टपोरे आहेत. कान, देवाची कृपा, जरा मोठेच आहेत. आणि फोटो काढताना ते हात शालीच्या आत छातीशी घेऊन उभे राहतात. खाली मी माझ्या हाताने लिहून ठेवलेलं, 'स्वतः फळं खाऊन जनतेला बिया देणारे'.

नाक्यावर ही गर्दी! लोक पोट धरून हसत होते, सेल्फी काढत होते. कोणीतरी ओरडलं, "भाऊ एकदम नॅचरल आलेत!" मी किर्तीला म्हणालो, "चल, अंबरनाथला मावशीकडे जाऊन येऊ, खूप दिवस झाले." पण तेवढ्यात भाऊंची गाडी येऊन थांबलीच. मागे चार-पाच पोरं, आणि पुढच्या सीटवर भाऊंची आई, बनूबाई. देवळातून परत येत होत्या.

भाऊ उतरले. फ्लेक्स वाचला. परत वाचला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कोणी लावलाय हा?"

(पुढारी ओरडला तर भ्यायचं नसतं. हळू बोलला तर पळायचं असतं. पण किर्तीने माझा दंड सोडलेला नव्हता.)

"मी," किर्ती म्हणाली. मी उडालोच. "चूक झाली, भाऊ. ते तुम्ही नाही, ते वटवाघूळ आहे. ते उलटं असतं, छापताना सरळ झालं."

"मला शिकवता? अख्ख्या गावाला दिसतंय कोण आहे ते!"

तेवढ्यात बनूबाई काठी टेकत खाली उतरल्या. फ्लेक्सकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आरं महिपती, कवरा ब्येस फोटू काढलाय तुजा! निस्ता तुज्या बापावानी दिसतंस!"

हसू दाबण्याच्या नादात भाऊंच्या एका कार्यकर्त्याला उचकी लागली. भाऊ लालेलाल झाले. आणि किर्ती, माझी किर्ती, जिला चहावाल्याकडे उरलेले सुटे मागायची लाज वाटते, ती म्हणाली, "भाऊ, वाका. कंबरेतून वाका आणि दोन्ही पायांच्या मधून चिंचेकडे बघा. मग तुम्हीच सांगा कोण आहे ते."

भाऊंनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा चिंचेकडे. शेवटी भाऊंनी शाल माझ्या हातात दिली आणि वाकले. भाऊ वाकले म्हणून कार्यकर्ते वाकले. कार्यकर्ते वाकले म्हणून गर्दी वाकली. खरवईच्या नाक्यावर भर सकाळी गाव ओणवं झालं आणि प्रत्येकाला झाडावर काळी शाल पांघरलेले शेकडो महिपतीभाऊ सरळ उभे दिसले.

"आयला," भाऊ खालूनच म्हणाले. "हे तर सगळे आपलेच."

"भाऊ, तुमच्या लहानपणी तुम्ही डोंगरावरची जांभळं खाल्लीत ना?" किर्ती तशीच वाकून विचारत होती. "ती झाडं कोणी माणसाने लावली नाहीत. यांच्यासारख्यांनी लावली. ही गेली तर तुमच्या नातवंडांना ती फळं फक्त तुमच्या फ्लेक्सवर दिसतील."

शक्यता नाही, मर्यादा नाही, आलेख नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं रक्त डोक्यात उतरल्यामुळे, पण बरंचसं अभिमानाने.)

भाऊ सरळ झाले, शाल घेतली, कंबर चोळली. "आणि गाड्यांचं काय, मॅडम?"

"पलीकडे मैदानाच्या कडेला जागा आहे. इथे कट्टा बांधा, बोर्ड लावा. लोक बघायला येतील. आज आलेच आहेत की."

भाऊंनी गर्दीकडे पाहिलं. गर्दी अजून मोबाईल काढून उभी होती. पुढाऱ्याला आलेख कळला नाही तरी गर्दी कळते. सोमवारच्या बैठकीत भाऊ म्हणाले, "चिंचेला हात लावायचा नाही. ही आपली माणसं आहेत." आणि पार्किंग मैदानाच्या कडेला गेलं.

त्या रात्री किर्तीने मला विचारलं, "मी फार ठाम बोलले का रे?" मी म्हणालो, "होय. आणि मला तू फार आवडलीस."

दुसऱ्याच दिवशी भाऊंनी जयदेवशेठकडे नव्या फ्लेक्सची ऑर्डर दिली. मध्ये चिंच, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला किर्ती, वर वटवाघूळ, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी. मजकुराच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण फ्लेक्सवर माझा फोटो पहिल्यांदाच येणार होता. मी नवा शर्ट इस्त्री करून फोटो काढला आणि शेठला पाठवला. किर्ती स्वतः दुकानात जाऊन शेठला बजावून आली, "यावेळी फोटो जसा येईल तसाच छापायचा. कोणालाही सरळ करायचं नाही."

शेठ शब्दाला पक्का माणूस. नाक्यावर फ्लेक्स चढला. वटवाघूळ उलटं, अगदी शास्त्रशुद्ध. भाऊ सरळ, किर्ती सरळ. आणि खालच्या रांगेत मी, मोबाईल उलटा धरून फोटो काढल्यामुळे पाय वर आणि डोकं खाली.

"निदान ओळखू तरी येतोय ना गं मी?" मी कासावीस होऊन विचारलं.

किर्ती कंबरेतून वाकली, पायांच्या मधून नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "शक्यता आहे."