अठ्ठावीस चुली आणि तीन मांडे

मंजुळाबाईनं चार लेकी आणि दोन पुतण्या पाहुण्यांना दाखवल्या होत्या आणि सहाच्या सहा पहिल्या फटक्यात पसंत पडल्या होत्या. त्यातल्या एकीला धड भाकरी थापता येत नव्हती. सासरच्यांना ते कळलं तोवर अक्षता पडून चार दिवस झाले होते! तेव्हा एका गोऱ्या बाईला अठ्ठावीस चुली दाखवणं हे तिच्या लेखी काही कामच नव्हतं.

चुलींची हकीकत अशी. बायकांचं भलं करणारी एक परदेशी संस्था होती. तिचं मोठं ऑफिस दिल्लीत, लहान ऑफिस धुळ्यात, आणि मंजुळाबाईचं महिला मंडळ पिंपळनेरच्या वाटेवरच्या गावात. तीन वर्षांपूर्वी संस्थेनं गावातल्या अठ्ठावीस घरांत बिनधुराच्या चुली बांधून दिल्या. सिमेंटच्या, गुळगुळीत, धूर जायला छपरातून वर पाइप. दिसायला नवरी. पण तोंड एवढंसं, की त्यावर तवा डुगडुगायचा आणि पुरणाचे मांडे भाजायचं मोठं मातीचं खापर तर बसायचंच नाही. आणि खानदेशात ज्या चुलीवर खापर पालथं बसत नाही, त्या चुलीला चूल म्हणायचं कोणी?

आठ दिवसांत सगळ्या बाया परसातल्या जुन्या चुलीवर परतल्या. नवी चूल राहिली घरातल्या थोरल्या जावयासारखी. चुना लावायचा, रांगोळी काढायची, सणाला हळदकुंकू वाहायचं. काम मात्र सांगायचं नाही.

दर तीन महिन्यांनी धुळ्याहून लताबाई यायची. मंजुळाबाईच्या ओट्यावर बसून चहा घ्यायची आणि कागद काढून विचारायची, चूल कशी आहे? मंजुळाबाई म्हणायची, बेस शे. वापरतात का? वापरतात. काही तक्रार? काहीच नाही. खोटं बोलायची तिला हौस नव्हती. पण चूल म्हणजे आहेर. कोणी मायेनं लुगडं नेसवलं तर त्याचा पोत खरखरीत आहे असं देणारीच्या तोंडावर सांगतात का? तशी रीत तिच्या सात पिढ्यांत नव्हती.

लताबाईचा कागद धुळ्याहून दिल्लीला जायचा आणि दिल्लीहून समुद्रापार. तिथल्या लोकांनी पाहिलं, की जगभर बसवलेल्या चुली सहा महिन्यांत अर्ध्या मोडतात आणि या एका गावात अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस तीन वर्षं पेटताहेत. हा चमत्कार आहे तरी काय? दिल्लीचं ऑफिस खरंच एवढं काम करतं का, की नुसते कागद रंगवतं? बघायला एक गोरी बाई निघाली.

ही खबर घेऊन लताबाई आली तेव्हा तिनं चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

"अक्का, यात काही खोटं निघालं तर दिल्लीवाल्यांच्या खुर्च्या राहतील, माझी जाईल. मग चाळीसगावला भावजयीच्या दारात जाऊन बसायचं."

मंजुळाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू फक्त गोऱ्या बाईले आन. दाखवाचं काम मन्हं."

दुसऱ्या दिवशी तिनं मंडळ जमवलं. चुली फारच गोऱ्यागोमट्या दिसत होत्या, तीन वर्षं पेटलेल्या चुलीला काही रंग हवा. तिनं हुकूम सोडला, की तव्याखालची काजळी एरंडेलात कालवून प्रत्येकीनं चुलीला बोटभर लावावी. बोटभर! पण तिची जाऊ भागाबाई म्हणजे जन्माची चढाओढवाली. तिनं चूल फासली, मागची भिंत फासली, आणि पाइप आतून दिसत नाही म्हणून छपरावर चढून बाहेरूनही फासला. ते पाहून बाकीच्या कशाला मागे राहतात? संध्याकाळपर्यंत गावातल्या अठ्ठावीस स्वयंपाकघरांत लंकादहन होऊन गेलं होतं.

जीप आली ती सकाळी दहाला. गोरी बाई उंच, पांढऱ्या केसांची, पायात पुरुषी बूट. सोबत दिल्लीच्या ऑफिसच्या मोठ्या बाई. त्या मूळच्या पुण्याकडच्या, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं त्याच इकडून तिकडे करायच्या. मागे लताबाई, उपास धरल्यासारखी.

पहिलं घर भागाबाईचं. गोऱ्या बाईनं भिंतीवरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट दिल्लीच्या बाईंसमोर धरलं आणि विचारलं, की ही बिनधुराची चूल आहे ना? मग धुराची कशी असते? दिल्लीच्या बाईंनी घाम पुसला. हात आधी भिंतीला टेकवलेला असल्यामुळे त्यांच्या कपाळावर तीन काळे पट्टे उमटले, आणि एवढी शहरातली बाई सकाळीच पूजा करून निघते म्हणून भागाबाईला फार कौतुक वाटलं.

मंजुळाबाईनं ओळखलं, डाव हातचा जातोय. ती म्हणाली, माझ्या घरी चला, समोर पेटवून दाखवते. घरी येऊन ती गोवरी घेऊन चुलीपुढे बसली, गोवरी आत सरकवली, आणि आतून कोणीतरी ती बाहेर ढकलली. पुन्हा सरकवली. आता चुलीतून मनी मांजर निघाली, अंगभर काजळी, तोंडात पिल्लू. ते चुलीपुढे ठेवून ती दुसरं आणायला आत गेली. मग तिसरं. मग चौथं!

चुलीत मांजर निजणं म्हणजे घरात शिजवायला दाणा नसणं, हे सगळ्या मराठी मुलखाला ठाऊक. दिल्लीच्या बाईंनी हळू आवाजात गोऱ्या बाईला तसं सांगितलं. गोऱ्या बाईचे डोळे भरून आले. तिनं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि मंजुळाबाईच्या हातात ठेवून दोन्ही हातांनी तिची मूठ मिटवली.

मंजुळाबाईनं पुड्याकडे पाहिलं. तिच्या वाड्यात चार बैल होते, कोठीत भुईमुगाची रास होती, आणि तिच्या दारातून आजवर कुत्रंही उपाशी गेलं नव्हतं.

"दाना नही? मन्हा घरमा?" तिनं गोऱ्या बाईचं मनगट धरलं. "चाल मांगे."

लताबाई मध्ये येत होती, डोळ्यांनी खुणा करत होती. पण मंजुळाबाईचा राग एकदा सुटला की तिचे यजमान हिलाल आबासुद्धा शेताकडे निघून जायचे. तिनं पाहुणीला ओढत परसात नेलं. तिथं पाहुण्यांच्या पंगतीसाठी जुनी चूल भडभडून पेटलेली, वर पालथं खापर, ढगासारखा धूर, परातभर पुरण, तुपाचं तांब्याएवढं भांडं आणि कोपरांपर्यंत मांडे पसरून धरलेल्या सहा बाया.

"हाई देख," मंजुळाबाई म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं, आपण काय दाखवलं ते.

गोऱ्या बाईनं विचारलं, की त्या चुलीवर हे का नाही करत?

मंजुळाबाईनं लताबाईकडे पाहिलं. पोरीचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मग तिनं पदर खोचला.

"खापर बसस नही. एक दिवस नही बसनं, तीन वरीस नही बसनं. लताबाई इचारे, मीच बेस शे म्हने. आहेरले कोनी नावं ठेवस का? गुन्हा मन्हा, तिना नही."

"नाही अक्का," लताबाई म्हणाली. "धूर मागून येतो हे मला ओट्यावरून दिसायचं. मी कधी मागे येऊन पाहिलं नाही."

दिल्लीच्या बाईंना हे सगळं इंग्रजीत सांगावं लागलं, आणि ते त्यांना फार जड गेलं. गोरी बाई ऐकत होती. तिनं लताबाईला विचारलं, तू किती वेळा आलीस? बारा वेळा. मग ती दिल्लीच्या बाईंकडे वळली, आणि तुम्ही? त्यांनी कपाळाचे पट्टे पुसायला घेतले. त्या आज पहिल्यांदाच आल्या होत्या.

चुली बांधण्याआधी खापर कोणी मोजलं होतं? कोणीच नाही.

गोऱ्या बाईनं पिशवीतून टेप काढली, धुरात ठसकत खापर मोजलं आणि आकडा दिल्लीच्या बाईंना लिहून घ्यायला लावला. लताबाई राहील, असं तिनं सांगितलं. गावात निदान तीच येते. पण यापुढे कागद ओट्यावर भरायचा नाही, परसात भरायचा. आणि मंडळानं एक वचन द्यायचं. दिलेली वस्तू पसंत नसेल तर तोंडावर नको म्हणायचं. भीड धरायची नाही.

"नही धराव," मंजुळाबाईनं वचन दिलं. लताबाईनं तिथंच भिंतीला टेकून डोळे पुसले.

मग पंगत. पाहुण्यांना नव्या चुलीजवळच पाट मांडले. गोऱ्या बाईला ताटाएवढा मांडा वाढला, वर तुपाची धार. ती म्हणाली, फार छान. मंजुळाबाईनं दुसरा टाकला. फार छान. तिसरा टाकला. गोऱ्या बाईनं पोटावर हात ठेवला, पण मान हलवून पुन्हा म्हणाली, फार फार छान. मंजुळाबाई तूप आणायला परसात गेली आणि परत आली तर ताट धुतल्यासारखं लख्ख! जीप नजरेआड होईपर्यंत तिची मान ताठ होती. तीन मांडे तर हिलाल आबाही एका बैठकीत खात नसत.

दुपारी ती मनीच्या पिल्लांना पुन्हा चुलीत ठेवायला वाकली. मनी आधीच आत होती आणि मिशांना तूप लागलं होतं. तिच्यापुढे, नीट चौघडी घालून, एकावर एक दोन मांडे होते. एकाचा कोपराही मोडला नव्हता.

मंजुळाबाईनं बोटांवर हिशेब केला, वाढलेले तीन, चुलीत दोन.

तेवढ्यात दारात भागाबाई आली. तिच्यामागे लताबाई, परसात कागद भरायला गावातच थांबलेली, हातात पेन घेऊन. भागाबाईला एकच विचारायचं होतं, की गोऱ्या बाईनं मांडे किती खाल्ले?

मंजुळाबाईनं पाठीनं चुलीचं तोंड झाकलं.

"तीन," ती म्हणाली. "काहीच तक्रार नही."