हाय का कोन घरात?

आमच्या अण्णाकाकांना गुहा दिसली की ते आधी चपला काढतात, तोंडाशी उभे राहतात आणि आत बघून खणखणीत आवाजात विचारतात, "हाय का कोन घरात?"

आतून "...घरात? ...रात?" असं घुमून आलं की समाधानानं मान डोलावतात. "हायत, हायत. चला आत."

अण्णा माझे सख्खे चुलते. मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले. फौजेत ट्रक चालवला आणि आता सांगलीत विश्रामबागेत आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहतात. काकू गेल्याला दोन वर्षं झाली. जेवायला या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीया? खुशाल हाय मी." सहल म्हटली मात्र, की गाडी पुसून व्हायच्या आत हे पुढच्या सीटवर.

यंदा श्रावणात आम्ही ठोसेघरला निघालो. गाडी मी चालवत होतो, असं आपलं म्हणायचं. सगळे हुकूम अण्णांचे. "घाट हाय गड्या! हॉर्न मार की, लाजतुस काय?"

धबधब्यापाशी लोक फोटो काढत होते आणि अण्णांचा जीव वरखाली. "आवं, कुनीतरी कॉक बंद करा! लय पाणी वाया चाललंय!" माणच्या माणसाला ते बघवेना.

तिथनं वाईकडची लेणी. माझ्या लेकीनं सांगितलं, "आजोबा, हा अख्खा डोंगर ज्वालामुखीच्या रसाचा आहे." अण्णांनी काळ्या कातळाला हळूच एक बोट टेकवून बघितलं. "निवलाय," म्हणाले. आणि लगेच, "हाय का कोन घरात?"

माझी बायको मीना लाजून चूर. "अण्णा, लोक बघतायत हो!"

"बघू द्यात सूनबाई. इचारल्याबिगर कुनाच्या घरात शिरू नये."

आमचं बघून झालं तरी अण्णा आतच. आता हाक वेगळी होती. "आलो गंऽ! आलो गंऽ!"

मीना आणि मी आत गेलो. "अण्णा, बास की आता! सांगली गाठायचीय."

अण्णा ओशाळले. "चल रं. हितं ओ मिळती, म्हनून जरा रमलो. घरात रोज हाक मारतो, कोन ओच देत न्हाई."

येताना एका वळणावर मी हॉर्न मारायला विसरलो, तरी अण्णा काही बोलले नाहीत.

सांगलीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि सवयीनं हाक घातली, "आलो गंऽ!"

घर गप्प. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मागच्या सीटवरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा मीनाचा आवाज आला, "ओऽऽ! आलात? हातपाय धुवा, चहा टाकते!" आणि ती गाडीतून उतरून थेट अण्णांच्या स्वयंपाकघरात शिरली.

अण्णा चपला काढून उंबऱ्यातच उभे. आत भांडी वाजायला लागली. त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडे वळले आणि मान डोलावली.

"हायत रं, हायत. चल आत."