डावीकडचा ब्रेक

जुनी गाडी घ्यायचं ठरवल्यापासून नंदकिशोर पाटणकर कोणाच्याही घरी गेले की आधी त्यांच्या पार्किंगमध्ये जात. यजमान वर चहा टाकून वाट बघायचे आणि पाटणकर खाली त्यांच्या गाडीखाली वाकून गंज शोधायचे. सानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत तर अशी एकही गाडी उरली नव्हती, जिच्या दारावर टिचकी मारून त्यांनी पत्र्याचा आवाज ऐकला नव्हता. नव्या गाडीत त्यांना राम वाटत नसे. नवी गाडी काय, शोरूममधून कोणीही घेऊन येतं. पण चार लोकांनी वापरलेली आणि तरीही पुढे वर्षानुवर्षं साथ देईल अशी गाडी हुडकायला डोकं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

या डोक्यावर घरात कोणाचा फारसा भरवसा नव्हता. 'टिकाऊ' म्हणून पाटणकरांनी आणलेला मिक्सर पहिल्याच चटणीला जळला होता. 'आयुष्यभराची' म्हणून घेतलेली छत्री पावसाळा सुरू व्हायच्या आधीच गेली होती. त्यांच्या पत्नी स्मिताबाई मग नवा मिक्सर स्वतः जाऊन घेऊन आल्या.

पण गाडीच्या या खटाटोपामागे पाटणकरांचं एक वेगळंच दुखणं होतं आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आधीच्या गाडीत स्मिताबाई शेजारी बसायच्या. पाटणकरांनी गाडी जरा दामटली की त्यांचा पाय समोरच्या कार्पेटवर करकचून दाबला जायचा. तिथे ब्रेक नसल्यामुळे उरलेलं काम त्या तोंडाने करायच्या. एकदा पाम बीच रोडच्या सिग्नलला दोघांचं चांगलंच वाजलं. स्मिताबाई उतरल्या, मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसल्या आणि गाडी विकेपर्यंत पुन्हा पुढे आल्या नाहीत. बायको मागे आणि नवरा पुढे, अशी ती वरात गावभर फिरायची. वाशीला एका बाईंनी भाड्याची टॅक्सी समजून दार उघडून पाटणकरांना ओटीपीसुद्धा सांगितला होता. तेव्हा ते हसले खरे, पण मनाला लागलं ते लागलंच. आता दुसरी गाडी येईल आणि स्मिता पुन्हा शेजारी बसेल, एवढंच त्यांना हवं होतं.

सल्ला द्यायला अख्खी सोसायटी तयार होती. कोणी म्हणे इंजिन जपानीच हवं, डोळे झाकून घ्या. कोणी म्हणे कोरियन गाडीचा एसी बघा, उन्हाळ्यात कळेल. मूळचे सानपाडा गावातले मारोती गावंड देशी गाडीचे भक्त होते. ते आपल्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "पाटनकर, पत्रा बगा. आमची गारी मावरा-मासली वाहते, वऱ्हाड वाहते, हाय तशी हाय." पाटणकरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि त्यातून त्यांना एवढंच कळलं, की ज्याला गाडी विकायची असते त्याची गाडी सगळ्यात टिकाऊ असते आणि ज्याची खरोखर टिकाऊ असते तो ती विकत नाही.

उजेड पडला तो सकाळी फिरायला गेल्यावर. स्टेशनच्या मागच्या रुंद रस्त्यावर ड्रायव्हिंग स्कूलची एक गाडी गचके खात चालली होती. स्टिअरिंगवर बसलेल्या काकूंनी ती बंद पाडली, चालू केली, भलत्याच गिअरमध्ये उचलली आणि पुन्हा बंद पाडली. गाडीने हूं की चूं केलं नाही. पाटणकर जागच्या जागी उभे राहिले. जपानी काय, कोरियन काय आणि देशी काय, जी गाडी शिकाऊ लोकांच्या हातून जिवंत सुटली तिला आता कोण मारणार? एवढी साधी गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

ड्रायव्हिंग स्कूलचे मालक मानसिंगराव मूळचे साताऱ्याकडचे. नवी गाडी येणार असल्यामुळे त्यांना जुनी काढायचीच होती. "सायेब, निम्मं सानपाडं हिच्यावर शिकलंय," ते म्हणाले. "तिन्ही कंपन्यांच्या गाड्या वापरल्या म्या, पर हिच्यासारखी सोशीक बघितली न्हाई." आरटीओतून गाडी खासगी नावावर करून द्यायचं त्यांनीच अंगावर घेतलं. पाटणकरांनी दारावर टिचकी मारली, आवाज पसंत पडला. मग त्यांचं लक्ष डावीकडच्या सीटपुढे खाली गेलं. तिथे शिकवणाऱ्याचा ब्रेक आणि क्लच तसेच होते.

"ते ऱ्हाऊ द्या," मानसिंगराव म्हणाले. "काढलं तर खाली भोकं दिसत्यात. त्येंचा तुमास्नी काय तरास न्हाई."

गाडी घरी आली. स्मिताबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि सवयीने मागच्या दाराला हात घातला. पाटणकरांनी पुढचं दार उघडून धरलं. स्मिताबाईंनी नाइलाजाने आत डोकं घातलं आणि त्यांना ती दोन पेडल दिसली. मग पदर सावरून सीटवर बसल्या, ब्रेकवर पाय ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही चांगली वस्तू आणलीत."

पाटणकरांना आनंद झाला, पण तो संध्याकाळपर्यंतच टिकला. वाशीला जाताना पुढे रिक्षा दिसली की स्मिताबाईंचा पाय खाली जाई आणि गाडी हळू होई. स्पीडब्रेकर असला की हळू, नसला तरी हळू. मात्र भांडण एकदाही झालं नाही, कारण आता स्मिताबाईंना तोंडाने ब्रेक लावायची गरज उरली नव्हती. त्या पेडलवर पाय ठेवून, काचेला चिकटवलेल्या मास्तरांच्या जादा आरशात मागची रहदारी बघत निवांत बसायच्या. "थांबवली," एवढंच म्हणायच्या.

प्रकरण सोसायटीत पोहोचायला वेळ लागला नाही. बॉनेटवरचं लाल एल अक्षर खरवडून काढलं होतं, तरी उन्हात त्याची खूण दिसायची. त्यात पाटणकर स्टिअरिंगवर ताठ बसलेले आणि शेजारी मास्तरांच्या जागी स्मिताबाई. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. वॉचमन पाटणकरांना म्हणाला, "साहेब, छान जमायला लागलंय हां." मॅडमना त्याने सलाम ठोकला. गावंडांनी तर लायसन कधी मिळणार म्हणून विचारलं. तरुणपणापासून गाडी चालवणारे पाटणकर सगळ्यांना समजावत सुटले आणि जितकं समजावलं तितका लोकांचा समज पक्का झाला.

मग तिसऱ्या मजल्यावरची सुचिता आली. बँकेत नोकरी करणारी, शिकाऊ लायसन काढून घाबरून बसलेली मुलगी. "काकू, मला शिकवाल का? तुमच्याकडे ब्रेक आहे म्हणजे टेन्शनच नाही." स्मिताबाईंना गाडी चालवता येत नव्हती. पण थांबवता उत्तम येत होती आणि शिकवण्यातला महत्त्वाचा भाग तोच, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी रविवारची सकाळ देऊन टाकली. दुपारपर्यंत आणखी दोघींनी नावं सांगितली.

आता मात्र पाटणकरांचा धीर सुटला. शनिवारी बायकोला न सांगता ते गाडी घेऊन रबाळ्याला कुलदीपच्या गॅरेजात गेले. दोन्ही पेडल उपटून टाकायची, भोकं पडली तर पडू देत, असं ठरवूनच गेले होते. कुलदीप टॉर्च तोंडात धरून डाव्या बाजूला आडवा झाला आणि लगेच बाहेर आला.

"काका, हे कशालाच जोडलेलं नाय. मधला रॉडच नाय. आरटीओसाठी काढला असणार. नुसते पेडल ठेवलेत."

"अरे, असं कसं? रोज ब्रेक लागतोय!"

"मग तुमीच मारत असाल ना."

पाटणकरांनी मानसिंगरावांना फोन लावला. मानसिंगराव शांतपणे म्हणाले, "म्या तवाच म्हनलं न्हवतं का, त्येंचा काय तरास न्हाई म्हनून?"

पाटणकर गॅरेजातल्या स्टुलावर बसले. लग्न झालं तेव्हा त्यांच्याकडे स्कूटर होती. मागे बसलेली स्मिता घाबरली की खांदा घट्ट धरायची आणि खांदा दाबला गेला की पाटणकरांचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. मधल्या काळात स्कूटर गेली, गाडी आली, खांदा सुटला आणि भांडणं सुरू झाली. आता डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिचा पाय हललेला दिसला की यांचा पाय पुन्हा जुन्या सवयीला लागला होता आणि त्याने मालकाला विचारायची तसदी घेतली नव्हती. पाटणकरांना हसू आलं.

पण उद्या रविवार होता. खरं सांगावं तर स्मिता कायमची मागच्या सीटवर जाणार. सांगू नये, तर ती खोट्या ब्रेकवर पाय ठेवून सुचिताला रस्त्यावर नेणार. रॉड पुन्हा जोडावा, तर ते बेकायदा, शिवाय घाटात मागे ट्रक असताना स्मिताने खरा ब्रेक मारला तर सगळाच निकाल लागायचा. "काढू का मग पेडल?" कुलदीपने विचारलं. पाटणकर म्हणाले, "राहू दे. बॅटरीची वायर कशी सैल करतात, तेवढं दाखव."

रविवारी सकाळी दूध आणायच्या निमित्ताने ते खाली गेले आणि आपल्या हातांनी आपल्या गाडीची वायर सैल करून आले. ज्या गाडीच्या टिकाऊपणावर त्यांनी सोसायटीला व्याख्यानं दिली होती, ती गाडी मग साऱ्या सोसायटीसमोर निपचित पडली. सुचिताने चावी फिरवली, काही नाही. पुन्हा फिरवली, साधी खटकसुद्धा नाही. गॅलऱ्या भरल्या. जपानीवाले आले, कोरियनवाले आले. "वापरून वापरून चोथा झालेली गाडी कोणी घेतं का?" एकाने विचारलं. पाटणकर खाली मान घालून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची निवड खरी ठरली होती आणि तेच सांगायची सोय नव्हती.

"मी बोललू होतो, पत्रा बगा," म्हणत गावंड बॉनेट उघडायला पुढे झाले. पाटणकर चटकन बॉनेटवर जाऊन बसले. मेकॅनिकशिवाय कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी इतक्या निक्षून सांगितलं की गावंड दोन पावलं मागे सरले.

स्मिताबाई डाव्या सीटवरून उतरल्या. आता मिक्सर निघणार, छत्री निघणार, म्हणून पाटणकरांनी मनाची तयारी केली. पण स्मिताबाई जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाल्या, "गाडीला नावं ठेवू नका हं. मी रोज बसते हिच्यात, मला ठाऊक आहे. आज यांनीच काहीतरी करून ठेवलं असेल." पाटणकरांनी ते ऐकून घेतलं. इतकी खरी गोष्ट त्यांच्याबद्दल त्या सकाळी दुसरं कोणीच बोललं नव्हतं.

सुचिताला पाटणकरांनी स्वतः नेऊन मानसिंगरावांच्या नव्या गाडीत बसवलं. बाकीच्या दोघीही तिकडेच गेल्या. गाडी दुपारी अर्थातच चालू झाली, पण तोवर पाटणकरांची अब्रू गेली ती गेली. आता कोणी त्यांना दारावर टिचकी मारू देत नाही. कोणी जुनी गाडी घ्यायला निघाला की लोक पाटणकरांना काय आवडलं ते विचारून घेतात आणि ते सोडून बाकीच्यांत शोधतात.

पुढच्या महिन्यात वाईला स्मिताबाईंच्या भावाची वास्तुशांत निघाली. गाडी काढली. घाट चढेपर्यंत डावा ब्रेक सारखा दाबला जात होता आणि पाटणकर इमानाने गाडी हळू करत होते. पुणे मागे पडल्यावर दाबणं कमी झालं. मग बराच वेळ काहीच हालचाल नाही, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. स्मिताबाईंनी दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली होती, मान खिडकीकडे कलली होती आणि त्या गाढ झोपल्या होत्या. खाली पेडल मोकळं होतं. ती आपल्या गाडीत अशी झोपलेली पाटणकरांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी उगीचच आरसा पुसला.

शिरवळच्या पुढे सर्व्हिस रोडला लागताच अचानक मेंढरांचा कळप आडवा आला. पाटणकरांनी ब्रेक दाबला. गाडी मेंढरांच्या हातभर अलीकडे थांबली. धक्क्याने स्मिताबाई दचकून जाग्या झाल्या, त्यांनी घाईघाईने पाय खाली सोडला, पेडल गच्च दाबलं आणि मग समोर मेंढरं बघून सुटकेचा श्वास टाकला.

"मारला ना मी वेळेवर?"

"अगदी वेळेवर," पाटणकर म्हणाले.

"तुमचं लक्ष असतं कुठे?" असं म्हणून स्मिताबाईंनी पाय पुन्हा वर घेतले, पदर अंगाभोवती ओढला आणि डोळे मिटले. मेंढरं पार होईपर्यंत पाटणकर थांबले. मग त्यांनी पहिला गिअर टाकला आणि तिची झोप मोडणार नाही इतक्या हळू गाडी पुढे काढली.