तीन उकाळ्या

"डबीमा काय शे, एकता?"

"पाणी आहे, मम्मीजी."

फ्रिजचं दार लावता लावता एकताने उत्तर दिलं आणि तिथेच चुकली. तसं ते खोटंही नव्हतं. डबीत थोडा क्षार घातलेलं पाणीच होतं. फक्त त्या पाण्यात काचेच्या पट्ट्या उभ्या होत्या आणि पट्ट्यांवर उंदराच्या मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीचे, नजरेला जेमतेम दिसतील असे काप होते. शहाद्याच्या ज्या जैन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून कांदासुद्धा परत पाठवला जातो, तिथे सासूबाईंना ही माहिती देण्याची हिंमत तिला झाली नाही.

कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता, तिथला फ्रिज बंद होता आणि बडोद्याहून आलेले हे काप शेवटचे होते. अमिनो आम्लांना हातासारखी दोन रूपं असतात, डावं आणि उजवं. शरीर बहुतेक सगळा कारभार एकाच हाताने करतं. पण हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथींमध्ये दुसऱ्या हाताचं, म्हणजे 'डी' रूपाचं अमिनो आम्लही असतं. ते नेमकं कुठल्या पेशींत बसलंय, हे एकताला शोधायचं होतं. त्यालाच चिकटणारं एक रसायन लावलं की त्या पेशी तपकिरी दिसायला हव्यात. आतापर्यंत प्रत्येक काप पांढराफटक निघाला होता. सोमवारपर्यंत काही दिसलं नाही, तर पीएचडीचे मार्गदर्शक नवनीत सर तिला केळीवरच्या मावा किडीचा विषय देणार होते. त्यांच्याकडे मावा कायम तयार असे.

दुपारी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा डबी पालथी वाळत होती. शेजारी स्वच्छ फडक्यावर काचा ओळीने मांडल्या होत्या.

"मम्मीजी, यातलं पाणी?"

"उकाळी टाकं," सासूबाई, छोटीबाई, म्हणाल्या. मारवाडी त्या फक्त रागावताना वापरत, एरवी चाळीस वर्षांच्या दुकानदारीने त्यांना अहिराणी दिली होती. "तूच तं सांगं, पानी शे. मंग कच्चं पानी घरमा कसं ठेवाव? काचा बी त्यामाच उकाळ्यात. मस्त निंघन्यात."

"आणि मग ते पाणी?"

"हंडामा. फेकाव का?"

एकता बसायला स्टूल शोधत होती, तेवढ्यात दारात 'धर्मलाभ' ऐकू आलं. दोन साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आल्या होत्या. उकळलेलं पाणी मिळायचं खात्रीचं घर म्हणून त्या थेट इथेच येत. छोटीबाईंनी हंड्यात ओगराळं घातलं.

"मम्मीजी, ते पाणी देऊ नका."

"का वं?"

एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला साध्वीजींचं व्रत, मध्ये ओगराळं. एकताने डोळे मिटले आणि उंदरापासून पियूषिकेपर्यंत सगळं सांगून टाकलं. ओगराळं हंड्यात बुडाल्याचा आवाज आला. त्यानंतर छोटीबाई मारवाडीत बोलल्या.

थोरल्या साध्वीजींनी ते पूर्ण होऊ दिलं. मग विचारलं, "उंदीर तू मारलास?"

"नाही. काप तयार आले होते."

"पण पाणी म्हणून तू सांगितलंस."

"हो."

"मग निदान त्याचं प्रायश्चित्त घे. आतापासून सोमवारच्या सूर्यास्तापर्यंत मौन." आणि रिकामं पात्र घेऊन त्या शेजारच्या घराकडे वळल्या.

छोटीबाईंनी हंडा अंगणातल्या जास्वंदीला रिकामा केला. एकताकडे काप चिकटलेल्या काचा उरल्या होत्या, बोलायची बंदी होती आणि दुसरे काप नव्हते. कॉलेजात वीज आल्यावर तिने त्याच उकडलेल्या कापांना रसायन लावलं.

सोमवारी सूक्ष्मदर्शकातून तिने पाहिलं आणि तोंडावर हात दाबून धरला. पांढऱ्या पसाऱ्यात काही पेशी सुपारीसारख्या तपकिरी दिसत होत्या. शेजारच्या, रसायन न लावलेल्या पट्टीवर तपकिरी काहीच नव्हतं.

नवनीत सर बराच वेळ वाकून राहिले. "या वेळी वेगळं काय केलंस?"

एकताने कागदावर लिहिलं, 'मौन आहे. सासूबाईंनी उकळलं.' आणि खाली त्यांचा नंबर.

सरांनी फोन लावला. "नमस्कार. त्या काचा तुम्ही किती वेळ उकळल्या?"

"येळ कोन मोजस? तीन उकाळ्या येवू दिन्ह्यात. आम्हनं पानी तसंच ऱ्हास."

"कसंय, उकळल्यामुळे कापात झाकलेलं उघडं पडलं असावं. परत एकदा करून पाहावं लागेल. नवे काप मागवतो. तुम्ही जरा…"

"मन्हा चुल्हावर नही."

"नाही, नाही. फक्त पद्धत दाखवा."

"पातेलं लई जा. ते आते मन्हा कामनं नही," छोटीबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "सापडनं का तिले?"

"सापडल्यासारखं दिसतंय."

"मंग तिन्हा विषय बदलू नका, सर. इतला घोळ करीसन सापडनं शे."

सरांनी फोन ठेवला, माव्याची फाइल उचलून कपाटात टाकली आणि एकताला विचारलं, "प्रबंधात 'तीन उकाळ्या' म्हणजे किती मिनिटं लिहायची?"

एकताने खिडकीबाहेर बघितलं. सूर्य अजून चांगला वर होता.