सेफ्टीवाल्या आईचं मौन

मौन धरायचं मी ठरवलं ते चेंडू हातात घेतल्यावर. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की सॉफ्टबॉल म्हणजे नावाप्रमाणे मऊ, उशीच्या जातीतला काहीतरी चेंडू असणार. लेकीने तो शाळेतून घरी आणला, मी कौतुकाने दाबून पाहिला, आणि माझा अंगठाच ठणकायला लागला. ज्याने कुणी याला मऊ म्हटलं, त्याच्या डोक्यात तो कधी बसला नसणार. (किंवा बसला असणार, आणि त्यानंतरच त्याने हे नाव ठेवलं असणार.)

लेक दहा वर्षांची. पुढचे दात आत्ता कुठे सरळ रांगेत उभे राहायला शिकलेले. आणि तिची टीममध्ये निवड झालेली.

मी देवावर भार टाकून जगणारी बाई आहे. आमचा देवाणघेवाणीचा जुना संबंध आहे. यांच्या बढतीसाठी मी चहा सोडला होता, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी गोड सोडलं होतं. बढती शेजारच्यांना मिळाली. पण मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. पत्ता सांगताना माझ्याकडूनच घाईत काही चुकलं असेल. देवाने दिलं ना, दरवाजा एक चुकला एवढंच.

या वेळी सोडायला फारसं काही उरलं नव्हतं. म्हणून मी सगळ्यात अवघड तेच निवडलं. हात जोडून म्हटलं, “देवा, पोरीची मॅच असेल तेव्हा पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. तू तेवढं तिचं डोकं आणि दात सांभाळ.”

घरात सांगितलं तेव्हा यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. (आग लागली तरी हे वर्तमानपत्र खाली ठेवत नाहीत.)

“मॅच किती वेळ चालते गं?” यांनी विचारलं.

“दीडदोन तास.”

“क्रिकेटमध्ये कसे पाच-पाच दिवस खेळतात. तसलं काही नाही का यांच्यात?”

मी दुर्लक्ष केलं. सासूबाई मात्र गंभीर झाल्या. “नवस चांगला आहे. पण बाहेर कुणाजवळ बोलू नकोस हो. बोलून दाखवलेला नवस फळत नाही.”

हे मला पटलं. आणि तिथेच पाय घसरला. कारण मॅचच्या आदल्या दिवशी कोचबाईंचा फोन आला.

“ताई, एक काम आहे. आमच्याकडे नियम आहे, प्रत्येक टीमचा एक पालक मैदानावर ‘सेफ्टी’ म्हणून उभा पाहिजे. नसेल तर मॅच होत नाही, समोरच्यांना जिंकल्याचं देऊन टाकतात. आमच्या नेहमीच्या सेफ्टीताईंना ताप आलाय.”

“मला त्या खेळातलं ओ का ठो कळत नाही हो.”

“कळायचंय काय त्यात! हेल्मेटचे पट्टे ओढून बघायचे. बॅट फिरवायचा सराव करतात तो गोल आखलेला असतो, त्यात एका वेळी एकच मुलगी. उन्हात पाणी पाजत राहायचं. कुणी हात चोळत ‘काही नाही, दुखत नाही’ म्हणाली की समजायचं दुखतंय, तिला बाहेर बसवायचं. आणि चेंडू उडून लोकांत जायला लागला की जोरात ओरडायचं. बस्स.”

“ओरडायचं?”

“म्हणून तर तुमची आठवण झाली! तुम्ही गच्चीवरून लेकीला जेवायला हाक मारता ना, ती ऐकून आमची मुलंसुद्धा ताटावर येऊन बसतात.”

(कोचबाई तीन गल्ल्या पलीकडे राहतात.)

मी नाही म्हणणारच होते. पण दारात लेक उभी होती. एक बूट पायात, एक हातात.

“आई, तू नाही म्हणालीस तर आम्ही न खेळताच हरणार. आणि सगळ्या म्हणतील, हिच्या आईमुळे.”

मी हो म्हटलं. नवस बाहेर सांगता येत नव्हता आणि पोरीचा चेहरा पाहवत नव्हता. माझ्यासारख्या बाईला अशा वेळी एकच गोष्ट सुचते: होईल काहीतरी.

संध्याकाळी मी सासूबाईंपुढे प्रश्न ठेवला. “शिट्टी वाजवली तर मौन मोडतं का हो?”

त्यांनी बराच विचार केला. “तोंडातून निघालं ते बोलणंच.”

“मग घोरणं?” यांनी विचारलं.

“तू घोरतोस ते नाकातून,” सासूबाई म्हणाल्या, “आणि तुला कुणी नवस करायला सांगितलेलं नाही.”

शिट्टी बाद झाली. तेव्हा मी स्वयंपाकघरातून स्टीलचं मोठं ताट आणि आमटीचा डाव काढला. ताट हाताने वाजतं. त्यात तोंडाचा काही संबंध नाही. सासूबाईंनीही परवानगी दिली. आपण किती हुशार आहोत, या आनंदात मला छान झोप लागली.

मैदानावर पोचल्यावर पहिला चेंडू पडेपर्यंत मी दोन तासांचं आगाऊ बोलून घेतलं. एकेका मुलीच्या हेल्मेटचा पट्टा ओढला. लेकीचा तर इतक्या मनोभावे आवळला की तिचे गाल वर येऊन डोळे बारीक झाले. “आई, टोचतंय!” म्हणाली, तर मी म्हटलं, “टोचतंय म्हणजे नीट बसलंय.” पाण्याच्या बाटल्या उन्हात तापू नयेत म्हणून झाडाच्या सावलीत नेऊन ठेवल्या. पंचांनी हात वर केला. मी ओठ मिटले.

थोड्याच वेळात आमच्या एका मुलीने चेंडू असा काही वर मारला की तो मागे वळून थेट पालकांच्या खुर्च्यांकडे निघाला. मी सगळा जीव लावून ताट बडवलं.

आता शहाण्या माणसांनी काय करावं? डोकी झाकावीत? छे! ताट कोण वाजवतंय ते बघायला झाडून सगळ्यांनी चेहरे वर केले. मैदानातल्या दोन मुली हातमोजे काढून हात धुवायला निघाल्या. चेंडू आला तो यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत, आणि खुर्ची पाय पसरून बसली. (खुर्ची माझी होती. तेवढ्यापुरतं सेफ्टी होण्याचं पुण्य मला लगेच मिळालं.)

पंच तरातरा माझ्याकडे आले. “बाई, हा काय प्रकार आहे?”

मी आभाळाकडे बोट दाखवलं. मला चेंडू म्हणायचं होतं.

“बोला की!”

मी हसले. त्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला. मला ऐकू येत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि माझ्या कानाशी वाकून एकेक शब्द सुटा करून ओरडले, “ताट! इथे! चालत! नाही!” ताट आणि डाव घेऊन ते गेले. त्यानंतर बराच वेळ माझ्या त्या कानात कोणीतरी भांडी घासतंय असं वाटत होतं.

कोचबाई धावत आल्या. “ताई, घसा बसला का?”

आता मान हलवून खोटं बोललं तर ते बोलणं होतं का, हा निकाल मी सासूबाईंकडून घेतलेला नव्हता. म्हणून मी मान अशी फिरवली की तीतून हो, नाही आणि बघू, असं तिन्ही निघावं.

“मग हातांनी खुणा करा,” कोचबाई म्हणाल्या. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत काळजी होती. माझ्या घशाची की मॅचची, ते कळलं नाही.

खुणा! माझ्या कसं लक्षात आलं नाही? पुढचा चेंडू उडाल्याबरोबर मी दोन्ही हात डोक्यावर ठेवले, वाकले, उठले, परत वाकले. समोरच्या टीमच्या एका आजोबांना ते फार आवडलं. टीमला जोर यावा म्हणून करायचं काहीतरी असावं, असं समजून त्यांनीही डोक्यावर हात ठेवले आणि वाकले. मग त्यांची सून वाकली. मग सगळी रांगच वाकली. हे तेवढे ताठ बसून होते. बायको दिसेल त्या दिशेला बघायचं नाही हे त्यांनी ताटाच्या वेळीच ठरवलं होतं. चेंडू त्या वाकलेल्या रांगेत येऊन पडला, आणि एकाही डोक्याला लागला नाही. कोचबाईंनी लांबून अंगठा दाखवला. मी मनात म्हटलं, देवा, जमतंय हं आपलं दोघांचं.

तेवढ्यात मला लेक दिसली.

तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. टोचतंय म्हणून तिने ते काढून बाकावर ठेवलं होतं. (पट्टा कुणी आवळला होता? मी.) आणि ती पाणी प्यायला निघाली होती. बाटल्या झाडाच्या सावलीत होत्या, आणि झाडापर्यंत जायचा जवळचा रस्ता बॅट फिरवायच्या त्या गोलातून होता. (बाटल्या तिथे कुणी ठेवल्या होत्या? तेही मीच.) गोलात टीममधली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळ्या लंबू म्हणतात, खेळाकडे तोंड करून, मागे न बघता, अंगातल्या सगळ्या ताकदीने बॅट फिरवत होती.

मी डोक्यावर हात ठेवले. लेकीने पाहिलं, लाजून इवलासा हात हलवला आणि मान फिरवली. जिची आई मैदानाच्या कडेला डोक्यावर हात ठेवून उड्या मारते, तिने दुसरं काय करावं? मी पळायला लागले. पण मी पळते म्हणजे साडी आणि चपला यांना विचारून पळते. लंबूने बॅट मागे नेली. लेकीचं उघडं डोकं गोलात शिरलं.

त्या एका क्षणात मी देवाशी जे बोलले ते लिहू नये, पण लिहिते. म्हटलं, माझ्या पोरीच्या डोक्यापेक्षा तुला माझं गप्प बसणं मोठं वाटत असेल, तर घरी ये, तुझ्याकडे बघतेच.

आणि मी तोंड उघडलं.

“ठके! खाली बस!”

ठकी हे तिचं घरातलं नाव. सासूबाईंनी पाळण्यात असताना ठेवलेलं. बाहेर हे नाव उच्चारायचं नाही, असा तिचा सक्त हुकूम आहे.

ठकी खाली बसली. त्याबरोबर लंबू सोडून सगळं मैदानच खाली बसलं. धावणाऱ्या मुली जिथे होत्या तिथे बसल्या. पंच बसले. आजोबांची रांग बसली. हे खुर्चीवरून उतरून गवतावर बसले. चेंडू झेलायला बॅटवालीच्या मागे आधीच उकिडवी बसलेली समोरच्यांची कॅचर आडवी झाली. आणि ठकीचं डोकं जिथे होतं तिथून बॅट सूंऽऽ करत गेली.

मग लंबूने बॅट टाकली आणि रडत म्हणाली, “काकू, मला दिसलीच नाही हो ती.” मी पोचले, दोघींना पोटाशी धरलं, ठकीचं डोकं चारही बाजूंनी चाचपलं. दात मोजले. परत मोजले.

“आई, सोड ना. सगळे बघतायत.”

“बघू देत! हेल्मेट कुठंय? डोकं काय शेजारून मागून आणलंय? आणि लंबू, तू रडू नकोस गं बाळा, चूक तुझी नाही, बाटल्या मीच तिथे ठेवल्या. कोचबाई, त्या बाटल्या आधी उचला! पट्टा एक बोट जाईल इतका सैल करा, नाहीतर पोरी काढून टाकतात. ए निळ्या शर्टातली, बुटाची नाडी बांध. पंचसाहेब, तुम्ही एवढ्या उन्हात बिनटोपीचे?”

“बाई,” पंच उठत म्हणाले, “तुम्हाला बोलता येतं?”

मागून यांचा आवाज आला. “साहेब, आता थांबवता येतं का बघा.”

मॅच आम्ही हरलो. (सेफ्टीला त्यात गुण नसतात.) घरी आल्यावर मी मान खाली घालून सासूबाईंपुढे उभी राहिले.

“मौन मोडलंस?”

“मोडलं.”

“पोरगी?”

“धडधाकट आहे.”

“मग तोंड का पाडतेस? देवाला दोन हात. एकाने तुझं तोंड बंद ठेवून दुसऱ्याने पोरगी धरायची म्हणजे त्यालाही तारांबळच. जा, पाय धू.”

मला इतकं हलकं वाटलं! देवाचा काही राग नाही, उलट माझा आवाज हीच त्याची योजना असणार, असं माझ्या मनाने घेतलं. पुढच्या मॅचसाठी मी आठवडाभर मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. गरज पडली तर मैदानाबाहेरच्या पोरांनाही वाचवता येईल, अशी तयारी केली.

मैदानावर गेले, तर कोचबाईंच्या शेजारी एक काळं खोकं ठेवलेलं. वर जाळी, बाजूला बटणं.

“ताई, बरं झालं आलात! त्या दिवशी कुणाच्या तरी बाबांनी व्हिडिओ काढला होता. त्यातून तुमची हाक काढून घेतली. ऐका.”

त्यांनी बटण दाबलं. “ठके! खाली बस!” खोकं गरजलं. दोन्ही टीम, पंच आणि पलीकडच्या रस्त्यावरचा एक सायकलवाला खाली बसले. ठकीने हेल्मेटची जाळी घट्ट धरून चेहरा लपवला.

“‘बॉल’ म्हटलं की लोक वर बघतात हो,” कोचबाई म्हणाल्या. “याने थेट बसतात. आता सगळ्याच मैदानांवर हे ठेवणार आहेत.”

“मग मी काय करू?”

“तुम्ही निवांत बसा.”

मी यांच्या शेजारी जाऊन बसायला निघाले, तर हे जाग्यावर नव्हते. खोक्याभोवती एक फेरी मारून, वाकून, सगळीकडून बघून ते परत येत होते. देवळात नेलं तर चपला सांभाळायच्या निमित्ताने बाहेर थांबणारा माणूस. पण आज त्यांच्या चेहऱ्यावर असा भक्तिभाव होता की मला भरून आलं.

“अगं,” हे हळूच म्हणाले, “त्याला बंद करायचंसुद्धा बटण आहे.”